इतर : पूर्वीप्रमाणे

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी पद्मजा खांबेटे त्रेसष्टाव्या संदेशापर्यंत पोचल्या होत्या. संदेश तीन शब्दांचा होता, 'मी पण सहमत', आणि त्याखाली आधीच्या अठ्ठावीस संदेशांचं शेपूट जसंच्या तसं लोंबत होतं. गृहस्थ नक्की कशाशी सहमत आहेत, हे त्या अठ्ठाविसांतून ज्याने त्याने शोधून काढायचं. पद्मजाबाईंनी शोधलं नाही. शेजारच्या पॅडवर 'सहमत' असं लिहिलेलं होतं, त्याच्यापुढे त्यांनी एक उभी रेघ ओढली. कालच्या दिवसातली ती चौदावी.

चौसष्टावा संदेश तात्याराव मोरबाळे यांचा होता. बाकीच्यांसारखा तोही इंग्रजीत होता, पण सगळा कॅपिटल अक्षरांत. वर 'टीआर/२२', खाली सात जणांना प्रती. बाईंनी क्रमांक पाहिला, प्रती पाहिल्या, मधलं काही पाहिलं नाही आणि टंकलं : 'इतर : सी-२०१ श्री. मोरबाळे यांचा एक संदेश, पूर्वीप्रमाणे.'

तारीख होती १५ सप्टेंबर २००६. जागा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातली, सरकारी क्वार्टरची बाहेरची खोली. संगणक मुलगी अपूर्वा बंगलोरला नोकरीवर जाताना मागे ठेवून गेली होती. पलंगावर पेपर घेऊन बसलेले सुधाकर खांबेटे, बाईंचे यजमान, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून बायकोच्या प्रत्येक कामावर शेरा मारणं हे त्यांचं काम झालं होतं.

"झाली का बातमीपत्राची वेळ?" ते म्हणाले. "तिकडे दोनशे माणसं दात घासायची थांबली असतील."

बाई टंकत राहिल्या. साडेसातला 'काल' जायलाच हवा होता आणि सव्वाआठला कॉलनीच्या गेटवर सचिवालयाची चार्टर्ड बस यायची.

'काल' काय होतं हे समजायचं तर आधी ग्रुप काय होता ते सांगायला हवं. गुडगावात तेव्हा शेताच्या बांधाला बांध लावून टॉवर उठत होते. अशाच एका बिल्डरने तीन टॉवरांची योजना काढली होती : ए, बी आणि सी, प्रत्येकात बहात्तर घरं. ताबा २००५च्या दिवाळीत देणार होता. दिवाळी आली, फटाके वाजले, ताबा मिळाला नाही. तेव्हा बी टॉवरमध्ये घर घेतलेल्या धीरज नावाच्या तरुणाने इंटरनेटवर ई-ग्रुप काढला. एकाने लिहिलेलं सगळ्यांच्या मेलमध्ये जायचं, अशी सोय. धीरज मूळचा नागपूरचा, गुडगावच्या काचेच्या टॉवरात कसलासा मॅनेजर. सगळ्यांनी मिळून बिल्डरवर दबाव आणायचा, हा उद्देश त्याने पहिल्याच संदेशात लिहिला होता. पुढच्या वर्षभरात त्या उद्देशाचा उल्लेख ग्रुपवर फारसा कोणी केला नाही.

दोनशे सोळा घरांचे मालक म्हणजे दोनशे सोळा शिकलेली माणसं. त्यांत सर्जन होते, बँकेचे झोनल मॅनेजर होते, सॉफ्टवेअरवाले तर पैशाला पासरी. ऑफिसात ह्यांना एक पानभर सरळ पत्र लिहिता येत असणार, नाहीतर ठेवून कोण घेईल. पण ग्रुपवर आले की माणसं शेंबडी व्हायची. 'अर्जंट' असा विषय लिहून आत कोणी मोलकरीण आहे का विचारायचं. पार्किंगच्या वादाखाली लिफ्टच्या कंपनीबद्दल विचारायचं आणि लिफ्टच्या चर्चेत पार्किंगचं उत्तर द्यायचं. एक बाई रोज सकाळी गणपतीचा फोटो पाठवायच्या, तो उघडेपर्यंत टेलिफोनच्या लाइनीवर चहा गार व्हायचा. ए टॉवरचे बात्रासाहेब दर रविवारी बिल्डरच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि सोमवारी ग्रुपवरच्या भगिनींची माफी मागायचे. मग माफीवर चर्चा. धीरज अधूनमधून 'गाइज, कूल' असं लिहून एक विनोद चिकटवायचा, तोही कुठून तरी आलेला, पुढे ढकललेला.

पद्मजाबाई हे सगळं वाचत, कारण त्यांना वाचावं लागत होतं. सी-११०२ त्यांचं. दिल्लीत छत्तीस वर्षं झाली होती आणि चारही क्वार्टर सरकारी होती. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी क्वार्टरांची देखभाल बघणाऱ्या चौकशी ऑफिसची आठवण व्हायची. तीस नोव्हेंबरला त्या साठीच्या होऊन निवृत्त होणार होत्या. त्यानंतर क्वार्टर चार महिने ठेवता यायचं. एकतीस मार्चला किल्ली परत. त्याच्या आत सी-११०२ हाती आलं तर सामान सरळ तिकडे, नाही तर साठाव्या वर्षी भाड्याच्या खोल्या शोधायच्या. बिल्डर भीक घालेल तर एका सुराला घालेल, हे त्यांना दिसत होतं. इथे सूर दोनशे सोळा होते.

त्या एका मंत्रालयात सहसचिवांच्या पीए होत्या. डिक्टेशन घेता घेता साहेबांचा संताप गाळून त्यातून सहीला ठेवण्याजोगं पत्र काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी ग्रुपसाठी नियम लिहिले. एका संदेशात एकच विषय. विषयाच्या ओळीत विषयच. घराचा क्रमांक हवा. मागचं शेपूट कापावं. रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पाठवावं. बात्रांनी उत्तर दिलं की त्यांना शाळा सोडून चाळीस वर्षं झाली. धीरजने 'मॅडम रॉक्स' असं लिहिलं आणि त्याच संदेशाला सबंध शेपूट ठेवलं.

मग बाईंनी सांगणं सोडलं आणि करणं सुरू केलं. जूनपासून रोज सकाळी आदल्या दिवसाचा सारांश जाऊ लागला. अकरा ओळी, नाव 'काल'. बात्रांच्या तीन पानी शिव्यांची ओळ व्हायची : 'ए-३०४ यांनी विलंबाबद्दल तीव्र नापसंती नोंदवली.' बात्रांना ती ओळ इतकी आवडली, की आपण नेमकं हेच म्हटलं होतं असं त्यांनी कळवलं. ज्यांना बात्रांचा राग यायचा त्यांना तो येईनासा झाला, कारण मूळ वाचायची आता गरज नव्हती. महिन्याभरात भांडणं निम्म्यावर आली. दोन महिन्यांत अशी वेळ आली, की ग्रुपवर सगळे लिहीत होते आणि कोणीच कोणाचं वाचत नव्हतं. सगळे 'काल' वाचत होते.

खाली सही नसायची. फक्त 'सी-११०२'. पीएने आपलं नाव पत्रावर घालायचं नसतं. ते छत्तीस वर्षांत इतकं मुरलं होतं, की नाव घालता येतं हेही त्यांच्या मनात आलं नाही.

तात्याराव 'इतर'मध्ये का पडले, त्यालाही छत्तीस वर्षं कारण होती. मंत्रालयात रोज टपाल येतं आणि त्यात वेड्यांची पत्रं असतात. ती ओळखायच्या खुणा प्रत्येक पीएला माहीत असतात. सगळी अक्षरं कॅपिटल. पत्राला स्वतःचा क्रमांक. खाली चाराहून जास्त प्रती, त्यांत वर राष्ट्रपतींपर्यंत कोणीही. असं पत्र साहेबांपुढे ठेवायचं नसतं, त्याची एक वेगळी फाइल असते, ती भरली की दुसरी. बाई अभिमानाने सांगत की त्यांनी बाजूला काढलेलं एकही पत्र कधी कोणी परत मागितलं नाही. मागणार कसं? ते आलं होतं हेच साहेबांना कळलेलं नसायचं. पण ही बाजू त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती आणि लक्षात आणून देणारा कोणी त्या टेबलाशी पोचत नव्हता.

तात्यारावांचे संदेश तिन्ही खुणांना उतरत होते. 'टीआर/१'पासून क्रमांक, प्रती सात, आणि अक्षरं अशी की पडद्यावरून कोणी अंगावर खेकसतंय. जूनमध्ये बाईंनी पहिले दोन वाचले. एकात तळघरातल्या खांबांची मापं होती, दुसऱ्यात पाण्याच्या टाकीच्या झाकणाची. मापं कोणाला हवी होती? तेव्हापासून 'पूर्वीप्रमाणे'. लोकांना त्याची गंमत वाटू लागली. धीरजने एकदा त्यांचा उल्लेख 'मिस्टर पूर्वीप्रमाणे' असा केला आणि त्याखाली एकवीस जण सहमत झाले. एकविसांनीही शेपूट कापलं नाही.

अठरा सप्टेंबरला तात्यारावांचा बाईंना वेगळा, खासगी मेल आला. तोही कॅपिटलमध्ये. 'माझा २२ घेतलेला नाही. कृपया वाचावा.'

बाईंनी नियम जोडून उत्तर दिलं की संदेश साध्या अक्षरांत आणि विषय लिहून पाठवावा, म्हणजे विचार करता येईल.

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'ही साधीच अक्षरं आहेत.'

"बघा," त्या सुधाकररावांना म्हणाल्या. "वर उद्धटपणा."

"तुझ्या ग्रुपवर एक तरी माणूस थोडक्यात लिहितो," सुधाकरराव पेपराआडून म्हणाले. "त्यालाच तू बाहेर काढलंस."

बाईंनी तो मेलही वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. फोल्डरला नाव होतं 'इतर'.

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला, रविवारी, बिल्डरने साइटवर सगळ्यांना बोलावलं. शामियाना, समोसे, गुलाबाचं फूल. एक जानेवारीपासून ताबा सुरू, 'टप्प्याटप्प्याने', ए आणि बी आधी. टाळ्या पडल्या. सी टॉवरच्या कोणीतरी विचारलं की आमचं काय. बिल्डरचा सूटवाला माणूस हसून म्हणाला की बिल्कुल, लगेच पाठोपाठ. त्या 'लगेच'ला तारीख आहे का, हे कोणी विचारलं नाही. पद्मजाबाईंनीही नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या 'काल'मध्ये 'सी टॉवरचा ताबा त्यानंतर लगेच' असं टंकलं आणि अवतरणचिन्हं घातली नाहीत. छत्तीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार हाताळलेल्या बाईला 'लगेच' हा शब्द कसा वापरतात हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण घर स्वतःचं असलं की माणसाचं वाचन बिघडतं.

तीस तारखेला निरोपसमारंभ झाला. साहेबांनी भाषणात त्यांना 'मंत्रालयाची स्मरणशक्ती' म्हटलं. ते वाक्य बाईंनीच चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका निरोपासाठी लिहून दिलं होतं. डिसेंबरात त्यांनी लोखंडी कपाट आणि जुना दिवाण देऊन टाकला, नव्या घरात जुनं काय न्यायचं म्हणून. सुधाकरराव बैठकीत सतरंजीवर बसून पेपर वाचू लागले आणि म्हणाले की चलो, शेवटी खरे ब्राह्मण झालो.

एक जानेवारीला ए आणि बीला किल्ल्या मिळाल्या. वीस जानेवारीला सीच्या बहात्तर जणांना एका परिच्छेदाचं पत्र आलं. सी टॉवर आता 'दुसऱ्या टप्प्यात' गेला होता, आणि त्याचा वापर परवान्याचा, म्हणजे राहायला जाण्याच्या परवानगीचा, अर्ज 'यथावकाश' दाखल होणार होता. दाखल होणार, म्हणजे झालेलाच नव्हता.

ग्रुपवर त्या दिवशी एकशे दोन संदेश आले. त्यांतले नव्वद पडदे, मॉड्युलर किचन आणि बाल्कनीला जाळी लावायची की काच याबद्दल होते. सीच्या लोकांनी पत्राबद्दल लिहिलं तेव्हा धीरजने उत्तर दिलं, 'गाइज, पेशन्स, रोम वगैरे', आणि सोबत आपल्या नव्या सोफ्याचा फोटो जोडला. बात्रांची तर तीव्र नापसंतीही आटली होती. त्यांनी सुचवलं की सी टॉवरने आता स्वतःचा वेगळा ग्रुप काढावा, इथे विषयांची सरमिसळ होते. वर्षभरानंतर बाईंचा नियम कोणीतरी पाळायला निघालं होतं.

पद्मजाबाईंना एकच गोष्ट कळत नव्हती. सी टॉवर बाजूला कधी पडला? कोणाला आधी माहीत होतं का? बावीस जानेवारीला, सोमवारी, त्यांनी ग्रुपचं जुनं दप्तर उघडलं आणि शोधाच्या चौकटीत 'सी टॉवर' आणि 'अर्ज' असं घातलं. उत्तर एकच आलं. टीआर/२२, चौदा सप्टेंबर.

मजकूर आठ ओळींचा होता. 'बारा सप्टेंबरला चंदीगढच्या नगररचना कार्यालयात जाऊन नोंदवही स्वतः पाहिली. वापर परवान्याचा अर्ज फक्त ए आणि बीचा आहे. सीचा दाखल केलेला नाही. कारण सीत आगीच्या पाण्याचा उभा पाइप सातव्या मजल्यापर्यंतच आहे. मी मोजला. तिन्ही टॉवरांनी एकत्र लेखी आक्षेप दिला तर ए आणि बी अडकतील, आणि बिल्डरला सी पुरा करावाच लागेल. ए आणि बी एकदा सुटले की सीला कोणी विचारणार नाही. मुदत पंधरा ऑक्टोबर.'

एकही शब्द जास्त नव्हता. विषय एकच. घराचा क्रमांक होता. शेपूट नव्हतं. राग नव्हता. बाईंनी लिहिलेले पाचही नियम त्या संदेशाने पाळले होते. तसा संदेश त्या ग्रुपवर दुसरा कोणी पाठवला असेल तर तोही तात्यारावांनीच. मग त्यांनी पंधरा सप्टेंबरचा 'काल' उघडला. ओळ अकरावी. अक्षरं साधी होती.

त्या दिवशी त्यांनी टीआर/१ ते टीआर/४१ सगळे वाचले. संध्याकाळी सुधाकरराव काय झालं विचारत होते, त्यांना त्यांनी बावीस नंबर वाचून दाखवला. सुधाकररावांनी पेपर बाजूला ठेवला आणि तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. टीआर/९मध्ये लिहिलं होतं की कारखान्याला सुट्टी मंगळवारी असते, आणि खाली राहता पत्ताही होता. बाईंनी सकाळचा 'काल' पाठवला, धौला कुआँवरून जयपूर रस्त्याची बस धरली आणि मानेसरला उतरून शेअर ऑटोने पुढे गेल्या. तात्याराव एका गाववाल्याच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होते. वय बासष्ट, बारीक अंगाचे, खिशात दोन पेनं आणि एक पोलादी पट्टी. मूळचे कोल्हापूरकडचे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याने मानेसरला शाखा काढली तेव्हा टूलरूमचे तपासनीस म्हणून आले, निवृत्तीनंतर कंपनीने पुन्हा ठेवून घेतलं.

बाईंनी नाव सांगितल्यावर आतून भीमाबाई, त्यांची बायको, हात पुसत बाहेर आल्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे 'पूर्वीप्रमाणे'वाल्या बाई ह्याच होय. बसा."

पद्मजाबाई बसल्या. भिंतीवर कारखान्याचं एक जुनं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं, कुठल्याशा गिअरचं. मापं, सूचना, खालच्या चौकटीतली नावं, सगळं इंग्रजीत, हाताने लिहिलेलं, छापल्यासारखं सारखं. सगळं कॅपिटल. एकही अक्षर लहान नव्हतं. बाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"लहान अक्षरात 'ए' आणि 'ओ' तेलाच्या हाताने पुसले की सारखेच दिसतात," तात्याराव म्हणाले. "म्हणून आमच्याकडे कॅपिटल. चौतीस वर्षं लिहितोय. एकाही कामगाराने विचारलं नाही, की साहेब, ओरडता कशाला."

"आणि सात प्रती?"

"ड्रॉइंग बदललं की सात खात्यांना जातं. एका खात्याला नाही गेलं, तर ते खातं जुनाच भाग बनवत बसतं." त्यांनी बाईंकडे सरळ पाहिलं. "बावीस तुम्ही वाचून सोडलात, की न वाचता?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी साहेबांसाठी असली खोटी वाक्यं शेकड्याने टंकली होती : 'कामाच्या व्यापात नजरेतून सुटलं', 'संबंधित शाखेकडे पाठवलं होतं'.

"न वाचता," त्या म्हणाल्या.

तात्यारावांनी मान हलवली. वाचून सोडलं असतं तर त्यांना बाईंशी वाद घालता आला असता, तोही गेला. मग त्यांनी फाइल काढली आणि कामाचं बोलू लागले. ए आणि बीचा परवाना डिसेंबरात निघाला होता, आता तिकडून कोणी अडणार नव्हतं. सीच्या बहात्तर जणांनी पाइपाची मापं जोडून, सह्यांनिशी पत्र दिलं, तर चंदीगढच्या कार्यालयाला बिल्डरला नोटीस काढावी लागेल.

बाईंनी विचारलं, "मार्चपर्यंत होईल?"

"मार्च नाही. मार्च ऑक्टोबरात गेला." आवाजात टोमणा नव्हता, माप सांगावं तसं सांगितलं. "पत्र लगेच गेलं तर डिसेंबर. नाही गेलं तर मला सांगता येत नाही."

भीमाबाईंनी चहा आणला. त्यांनी विचारलं की आता आमच्या ह्यांच्या मापांच्या कागदावर लोक सह्या का करतील, ह्यांचं तर इतके महिने हसू केलं सगळ्यांनी.

"मी शुद्धिपत्र काढते," पद्मजाबाई म्हणाल्या. मंत्रालयातून चुकीचा आदेश निघाला की शुद्धिपत्र निघतं. अमुक ओळीत अमुक शब्दांऐवजी तमुक वाचावं, एवढंच. चूक कोणाची, ते त्यात कधीच नसतं. माफी तर सरकार मागतच नाही.

"चालेल," तात्याराव म्हणाले. "पण खाली नाव टाका."

"शुद्धिपत्रावर नाव नसतं. घराचा नंबर असतो की."

"घराने नाही सोडलं ते." त्यांनी पोलादी पट्टी फाइलीवर ठेवली. "आमच्याकडे खराब भाग पास झाला, तर त्यावर शिक्का कोणाचा ते बघतात. माझा नंबर सतरा होता. चौतीस वर्षांत तीनदा निघाला. तिन्ही वेळा सगळ्या शॉपला माहीत होतं सतरा म्हणजे कोण. तुमचा नंबर आहे, पण माणूस कोण ते कोणालाच माहीत नाही. सह्या हव्यात ना?"

पद्मजाबाई चार वाजता घरी पोचल्या आणि साडीही न बदलता मशीनसमोर बसल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर संदेश गेला. विषय : 'शुद्धिपत्र, १५ सप्टेंबर २००६चा काल, ओळ ११.' मजकूर : ''पूर्वीप्रमाणे' या शब्दाऐवजी खालील आठ ओळी वाचाव्यात.' खाली टीआर/२२ कॅपिटलसकट, एक अक्षर न बदलता. त्याखाली : 'हा संदेश मी न वाचता वगळला. पद्मजा खांबेटे, सी-११०२.' आणि शेवटी सीच्या बहात्तर जणांसाठी पत्राचा मसुदा.

आठ वाजेपर्यंत उत्तरं आली. बात्रांनी लिहिलं की त्यांना हे आधीपासूनच खटकत होतं. धीरजने लिहिलं की आंटी, यू आर ब्रेव्ह, आणि पुढे विचारलं की किचनच्या ट्रॉलीसाठी कोणाकडे चांगला सुतार आहे का. एका सर्जनने बाईंना कोर्टात खेचायची भाषा केली आणि त्याखाली सहा जण सहमत झाले. बाईंनी पॅडवर सहा रेघा ओढल्या. सीच्या बहात्तरांपैकी एकोणीस जणांनी सही करतो म्हणून कळवलं. त्यांतल्या अकरांनी घराचा क्रमांक लिहिला नाही, तो बाईंनी यादीतून शोधून घातला. तात्यारावांचा मेल दोन शब्दांचा होता, कॅपिटलमध्ये : 'मिळाला. ठीक.'

"एकोणीस," सुधाकरराव सतरंजीवरून म्हणाले. "म्हणजे त्रेपन्न बाकी."

"उद्या परत पाठवीन."

"आणि तो दिवाण?"

दिवाण शेजारच्या ब्लॉकमधल्या ड्रायव्हरने नेला होता, तो काही परत येणार नव्हता.

उद्या बुधवार, चोवीस जानेवारी. सहा पन्नासला मशीन सुरू होईल आणि साडेसातला 'काल' जाईल : अकरा ओळी, आणि खाली नाव. साडेदहाला सरोजिनी नगरच्या मागे पिलंजी गावात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला जायचं आहे. किल्ली खालच्या डेअरीत असते.